फोटोवर चष्मा फुकट

"फोटो काढा, गिराण पाहा! एका फोटोवर एक चष्मा फुकट!"

आवाज खणखणीत होता. चिमूरच्या घोडा यात्रेतली पाळण्यांची करकर, भज्यांच्या कढईचा चुरचुराट, बांगडीवाल्यांची ओरड... सगळ्यांच्या वरून तो माझ्यापर्यंत पोचला आणि मी बांगडीवाल्याच्या हातातून माझा हात सोडवून घेतला.

"आता का झालं व?" गुणाबाईंनी विचारलं. या माझ्या घरमालकीण.

"काही नाही. आलेच मी."

१९८० सालचा फेब्रुवारी होता. मी तेवीस वर्षांची. नागपूरला नेत्र सहायकाचं शिक्षण घेऊन चिमूरच्या सरकारी दवाखान्यात नुकतीच रुजू झाले होते. कांता देवराव रामटेके हे नाव तिथं कुणाच्या तोंडी बसलंच नाही. सगळे मला 'डोळेवाली बाई' म्हणत. डोळे तपासायचे, चष्म्याचे नंबर काढायचे, मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांची समजूत घालून त्यांना शिबिराला न्यायचं — हे माझं काम. आणि महाशिवरात्रीनंतरच्या शनिवारी, भर दुपारी, मोठं सूर्यग्रहण होतं; इथल्या बोलीत 'गिराण'. आमच्याकडे सूर्याची बारीकशी कोरच उरणार होती. सूर्याकडे पाहू नका, असं रेडिओ रोज बजावत होता... आणि इथं हा माणूस चष्मे वाटत होता! फुकट!

एक रंगवलेला पडदा, त्यावर विमान. विमानाला भोक पाडलेलं; त्यातून डोकं काढायचं आणि फोटो काढून घ्यायचा. तिपाईवर कॅमेरा. बाजूच्या टेबलावर पुठ्ठ्याच्या चष्म्यांचा ढीग, काचेच्या जागी निगेटिव्हचे तुकडे चिकटवलेले. मी एक उचलून उजेडापुढे धरला. उजव्या डोळ्यात एक नवरी होती, डाव्यात अर्धी बकरी.

"हे काय आहे?"

"चष्मा जी. गिराणाचा." काळ्या कापडाखालून एक कुरळं डोकं बाहेर आलं. पंचवीस-सव्वीसचा असेल. हसरा, सावळा, हाताची बोटं रसायनानं पिवळी पडलेली.

"यात नवरी आहे."

"कुठी?" त्यानं वाकून पाहिलं. "हां, ते नवरगावची. फोटो हालला होता तिचा."

"आणि हिच्या पदराआडून लोकांनी सूर्य बघायचा?"

"दिसते न मस्त! मी सोता पाह्यला. रोज दुपारी उन्हात उभा राहून एकेक निगेटिव्ह लावून पाह्यली. ज्यातून डोळ्याले तरास नाई होत, तेच लावतो. आपलं काम पक्कं राह्यते."

बोलताना तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या कानाच्या बाजूला, कुठंतरी खांद्यावरून पलीकडे... मी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"माझ्याशीच बोलताय ना?"

"हो जी."

"मग इकडं बघा."

त्यानं बघितलं — आणि लगेच नजर पुन्हा कानाकडे सरकवली. लाजरा आहे की लबाड, मला कळेना. पण गाल मात्र उगाच गरम झाले.

"तुमी बसा न खुर्चीवर," तो म्हणाला. "एक फोटो काढतो, मंग भांडा. रागावल्या का तुमचा चेहरा..."

"कसा दिसतो?"

"चांगला असन."

"असन?" मी चष्मा टेबलावर आपटला. "उद्या सकाळी दुकानात या. म्हणजे — मी येते तुमच्या दुकानात. सूर्य तुमच्या डोळ्यात कसा शिरतो ते दाखवते."

"या जी! उजेड फोटो स्टुडिओ, बाजारातल्या पिंपळासमोर. श्रावण उंदीरवाडे म्हना, कोनीबी सांगते."

रस्ताभर गुणाबाई गालात हसत होत्या. "भांडाले उद्याची वेळ कोनी देते का व, कांता?"

*

दुसऱ्या दिवशी मी तपासणीच्या पेटीतलं सगळ्यात जाड भिंग घेऊन गेले. दुकानाच्या पायरीवर एक वाळकं पान ठेवलं, भिंग वर धरलं. पानावर उजेडाचा टिंब उतरला... आणि बघता बघता धूर निघाला. पानाला काळं भोक पडलं.

"असंच भिंग प्रत्येकाच्या डोळ्यात असतं," मी म्हटलं. "जन्मापासून. आणि त्याच्यामागं असतो पडदा, ज्यावर आपल्याला सगळं दिसतं. एरवी सूर्याकडे बघवत नाही म्हणून तो पडदा वाचतो. तुमचा चष्मा फक्त डोळे दिपू देत नाही, त्यामुळं माणूस बघत राहतो. आणि न दिसणारा ताप आत जात राहतो. पडद्याला दुखणं कळत नाही, भाऊ. जळलं तरी कळत नाही."

मी वादाच्या तयारीनं आले होते. पण त्याचं हसू एकदम कुठं गेलं कोण जाणे. तो त्या पानाकडे बघत राहिला.

"आन् जळलं... तर मंग वापस येते का जी?"

"कधी येतं. महिने लागतात. कधी नाही येत."

तो उठला. दुकानासमोर टांगलेली 'एका फोटोवर एक चष्मा फुकट' ही पाटी काढली, उलटी करून भिंतीला टेकवली. टेबलावरचे सगळे चष्मे पिशवीत कोंबले. मग दारात तसाच उभा राहिला.

"हे झाले इथले. पण यात्राभर वाटले न मी. नेरी, खडसंगी, मासळ... कुठीकुठीचे लोक घेऊन गेले. लहान पोट्टे, म्हातारे. बाई, शनिवारी हे सारे माया भरवशावर वर पाह्यतीन."

माझा राग तिथल्या तिथं विरघळला. चूक कळल्यावर इतक्या लवकर पांढरा पडणारा माणूस मी पाहिला नव्हता.

"चष्मे नेले, पण फोटो?" मी विचारलं.

"फोटो कुठी नेले! धुवाले दिवस लागते न. वापस येतीन तवा देईन म्हटलं होतं."

"म्हणजे सगळ्यांचे फोटो तुमच्याकडेच आहेत. मग आपणच जाऊ. चष्मा द्या, फोटो न्या."

त्यानं चमकून माझ्याकडे — माझ्या कानाकडे — बघितलं. "आपण?"

"मी सरकारी कामानं. तुम्ही फोटोवाले म्हणून. डॉक्टरसाहेबांना मी सांगते."

"हो जी," तो म्हणाला, आणि त्या घाबऱ्या चेहऱ्यावर हसू परत आलं. "सरकारी कामानंच."

*

मंगरूभाऊंच्या रेंगीतून आम्ही निघालो. रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी. मंगरूभाऊ सत्तरीचे, बैलांशी गोंडीत बोलत आणि आमच्याशी मुळीच नाही. दोन्ही बाजूंना धान कापलेली शेतं, मधूनच लाखोळीच्या डाळीचे हिरवे पट्टे, बांधावर तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे ढीग. पळस नुकता पेटत होता. सकाळच्या थंडीत बैलांच्या तोंडातून वाफ निघत होती.

श्रावण माझ्यासमोर बसला होता. मांडीवर फोटोंची पिशवी. खड्डा आला की गाडी उसळायची आणि आमचे गुडघे एकमेकांना लागायचे.

"माफ करा जी."

"खड्ड्याला सांगा."

पुढच्या खड्ड्याला तो मनापासून म्हणाला, "माफ कर रे, खड्ड्या." मंगरूभाऊंनी मागं न बघता बैलाला हाणलं. मला हसू आवरेना.

गावात शिरलं की तो ओरडायचा, "फोटो आले! विमानवाले फोटो आले!" आणि माणसं धावत यायची. कुणी चष्मा लगेच दिला, कुणी पोरांच्या हातातून हिसकावून आणला. फोटो न्यायच्या घाईत कुणी फारसा वाद घातला नाही. वाद घातला तो खडसंगीच्या सुकलूबाबांनी. म्हातारा चष्मा छातीशी धरून बसला.

"नाई देत. मी आता किती दिवसाचा? मले एकदा सूर्य गिळताना पाहाचा हाये. फोटो ठेव तुयाजवळ."

"बाबा, डोळे जातील," मी म्हटलं.

"जाऊ दे न मंग. तसेबी अर्धे गेले."

मी इकडंतिकडं बघितलं. दारात त्यांच्या सुनेनं पिठाची चाळणी उन्हात ठेवली होती. ती उचलली, सूर्याकडे पाठ करून उभी राहिले आणि सुकलूबाबांच्या धुतलेल्या धोतरावर तिची सावली पाडली. सावलीत उजेडाचे गोल गोल टिपके उमटले.

"बाबा, हे टिपके कसले?"

"चाळणीचे भोकं होय."

"भोकं चौकोनी आहेत. टिपके गोल का?"

म्हाताऱ्यानं चाळणी हातात घेऊन निरखली. मग धोतर निरखलं.

"हा प्रत्येक टिपका म्हणजे सूर्य आहे, बाबा. शनिवारी त्याला ग्रहण लागेल तेव्हा यातला एकेक गिळला जाईल. वर न बघता दिसेल. एक सोडून शंभर दिसतील. दवाखान्यात या, आपण सगळे मिळून बघू."

सुकलूबाबांनी धोतरावरच्या एका टिपक्यावर बोट फिरवलं. मग चष्मा पुढं केला. "पण नाई दिसलं त मी तुले सोडत नाई, पोरी."

गाडीत बसताना श्रावण हळूच म्हणाला, "तुमी मास्तरीण काऊन नाई झाल्या?"

"तुमच्यासारख्यांना शिकवायला धीर लागतो म्हणून."

"मी त आता रोज शिकाले तयार हाये..."

मी पदर सावरला आणि पळसाकडे बघत राहिले. मला ठाऊक होतं, तो बघतोय. तसाच, जरासा बाजूला.

*

शुक्रवारी नेरीत सीता नावाच्या एका सुनेनं मात्र फोटो परत केला.

"हे का भाऊ? विमान दिसते, पडद्याची सुतळी दिसते, आन् माया नाकाचा पत्ता नाई!"

मी फोटो घेऊन बघितला. मागचा पडदा लख्ख, भोकातून पुढं आलेली सीता धुरकट. पिशवीतले आणखी काढले. यात्रेच्या सुरुवातीचे फोटो कोरीव, स्वच्छ. नंतरचे सगळे असेच. जिथं चेहरा, तिथं धुकं. श्रावणनं पिशवी घाईघाईनं ओढून घेतली.

"लेन्सले धूळ लागली असन," तो म्हणाला.

धूळ लागली असती तर सुतळीही दिसली नसती. परतताना माझ्या डोक्यात चाकं फिरत होती. रोज दुपारी उन्हात उभा राहून... एकेक निगेटिव्ह लावून... चांगला असन... जळलं तर वापस येते का जी...

"मंगरूभाऊ, गाडी थांबवा."

रस्त्याच्या कडेला मोहोरलेला आंबा होता. बैल पाण्यावर गेले. मी श्रावणला झाडाखाली बसवलं आणि समोर बसले.

"डावा डोळा झाका."

"काऊन?"

"झाका म्हणते ना."

त्यानं पिवळ्या बोटांनी डावा डोळा झाकला. मी माझं बोट माझ्या नाकावर ठेवलं.

"माझं बोट कुठं आहे?"

मोहोरावर माश्या घोंगावत होत्या. तो अगदी हळू म्हणाला, "दिसत नाई जी."

"काय दिसतं?"

"केस दिसते. कानातलं दिसते. बांगड्या हिरव्या हायेत. मधात... राखेचा ठिपका हाये. जिथी पाह्यलं तिथी तो राह्यते. फोटो काढणाऱ्याची सवय राह्यते न, डावा डोळा आपोआप मिटते; मंग तोंड दिसत नाई, पडदाच साफ करून घेतो. चष्मे तपासले ते साऱ्या दुपारी ह्याच डोळ्यानं." तो थांबला. "दोन्ही उघडे ठेवले तरी तो ठिपका मधीमधी येते. म्हनून जराक बाजूनं पाह्यतो. तसं पाह्यलं का तुमी दिसता. थोड्या."

म्हणजे लाजरा नव्हता. लबाडही नव्हता.

"आणि मला सांगितलं नाहीत? मी डोळ्यांचंच काम करते ना?"

"म्हनूनच नाई सांगतलं." त्यानं हात खाली घेतला. "सांगतलं असतं त तुमी मले पेशंट केलं असतं. मले तुमचा पेशंट नव्हतं व्हाचं."

"मग काय व्हायचं होतं?"

त्यानं तोंड उघडलं. पलीकडून मंगरूभाऊंनी बैल जुंपल्याची हाक दिली आणि तो उत्तर न देताच उठला. पण गाडीत त्याची पिशवी मी माझ्या मांडीवर घेतली, आणि तोही नको म्हणाला नाही.

*

शनिवारी गुणाबाईंनी सकाळीच चुलीवरची भांडी पालथी घातली, पाण्याच्या गुंडात तुळशीची पानं टाकली, दार-खिडक्या लावून घेतल्या. आमच्या घरी छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यापासून ग्रहण पाळायचं बंद झालं होतं, पण मी त्यांना काही बोलले नाही. घरात बसल्या तर डोळे तरी वाचतील. उलट त्यांच्याकडून चाळणी मागून घेतली.

"ने. पण गिराण सुटल्यावर धुऊन आन."

दवाखान्याच्या आवारात निम्मं चिमूर जमलं होतं. सगळे सूर्याकडे पाठ करून, चिंचेखाली. उन्हातल्या भिंतीवर मी पांढरी चादर लावली होती आणि चाळणी धरून तिच्यावर उजेडाचे गोल पाडले होते. सुकलूबाबा खडसंगीहून चालत आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते. श्रावण कॅमेरा घेऊन एका बाजूला. आज त्यानं उजवा डोळा रुमालानं बांधला होता, माझीच सूचना. डाव्या डोळ्यानं पहिल्यांदाच कॅमेरा लावत होता, पुन्हा पुन्हा कापडाखाली शिरत होता.

"बाई, खाल्लं! खाल्लं!" सुकलूबाबा ओरडले.

चादरीवरच्या प्रत्येक गोलाचा एक तुकडा गेला होता. मग हळूहळू जास्त... आणि जास्त. ऊन पितळी झालं. अंगावर गार वारा आला. कावळे चिंचेवर परत येऊन कलकलाट करू लागले. आणि मग कुणीतरी जमिनीकडे बोट दाखवलं.

चिंचेच्या पानापानांतून सूर्याच्या कोरी पडल्या होत्या. शेकडो, हजारो. धुळीत, म्हाताऱ्यांच्या फेट्यांवर, पोरांच्या हातांवर, माझ्या दवाखान्याच्या पांढऱ्या साडीवर... बीजेच्या चंद्राएवढ्या नाजूक उजेडाच्या कोरी, वारा आला की एकदम थरथरणाऱ्या. सुकलूबाबा ओंजळीत कोरी झेलत होते आणि रडत होते.

मी श्रावणला दाखवायला वळले. तो कॅमेऱ्यापाशी नव्हता. चार पावलं पुढं, झाडाच्या सावलीबाहेर उभा होता. रुमाल सोडलेला. डाव्या डोळ्यावर तळहात. मान हळूहळू वर चाललेली...

"श्रावण!"

मी कशी धावले मला माहीत नाही. मागून जाऊन दोन्ही हातांनी त्याचे डोळे झाकले.

"सोडा जी," तो हलक्या आवाजात म्हणाला. "हा त गेलाच हाये. एकदा पाहून घेऊ द्या. साऱ्या लोकाइले दाखवलं, मीच नाई पाह्यलं. आता ह्याचं का बिघडणार हाये?"

"गेला नाही तो. ऐकतोस का? गेला नाही! डाग भरून येतो, वेळ लागतो त्याला. तू वर बघितलंस तर मग खरंच जाईल. मला... मला पाहिजे आहे तो डोळा."

तोंडातून गेलं तेव्हा मला कळलं की मी काय बोलले. आणि 'तू' म्हटलं. त्याच्या पापण्या माझ्या तळहाताखाली फडफडत होत्या, पकडलेल्या पाखरासारख्या. मग ओल्या झाल्या.

"काऊन पाह्यजे तुमाले?" त्यानं विचारलं.

"बाजूनं बघतोस ते पुरत नाही मला."

तो हलला नाही. मीही हात काढले नाहीत. उजेड परत येऊ लागला, कोंबडे आरवले, कावळे उडाले. तेव्हा लक्षात आलं की आता सूर्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. निम्मं चिमूर आमच्याकडे बघत होतं.

संध्याकाळी मी चाळणी धुऊन परत दिली. गुणाबाईंना घरात बसल्या बसल्या सगळं कळलं होतं.

"एवढं गिराण लागलं, आन् लोकाईनं तुलेच पाह्यलं व," त्या म्हणाल्या आणि गरम भाकरी माझ्या ताटात टाकली.

*

चंद्रपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि तेच सांगितलं: औषध नाही, उन्हात टोपी, डोळ्याला विश्रांती, वाट बघा. कदाचित भरेल, कदाचित थोडा राहील. मग दर आठवड्याला श्रावण माझ्या खोलीत येऊन खुर्चीवर बसायचा आणि मी समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावायची. मार्चमध्ये वरची मोठी अक्षरं. एप्रिलमध्ये त्याखालची ओळ. मी मनातल्या मनात नाचत होते. बोलत मात्र नव्हते. तोही आंब्याखालचं उत्तर अजून देत नव्हता.

मे महिन्यात बाबांचा निरोप आला. बाबा वरोऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. माझ्यासाठी भंडाऱ्याचा रेल्वेतला मुलगा त्यांनी बघून ठेवला होता. पण चिमूरची बातमी वरोऱ्याला पोचली होती, म्हणून आधी स्वतः येणार होते.

मी श्रावणला सांगितलं. बाबा यायच्या आदल्या दिवशी त्यानं डावा डोळा झाकून तक्ता घडाघड म्हटला. अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत.

"खरंच? सगळं दिसतं?"

"सारं."

मी त्याच्याकडे बघितलं. तो तक्त्याकडे बघतच नव्हता. मी काही न बोलता तो तक्ता उतरवला आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठीचा दुसरा लावला. त्यावर नुसते तीन दातांचे कंगवे. कुणाचं तोंड वर, कुणाचं खाली. तोंड कुठं आहे ते हातानं दाखवायचं.

"हे दाखव."

पहिले दोन बरोबर आले. तिसऱ्याला हात हवेत थांबला.

"पाठ केलास तू तक्ता," मी म्हटलं.

"तुमच्या बाबाइले सांगाचं होतं, डोळा बरा झाला म्हनून." त्यानं मान खाली घातली. "एका डोळ्याच्या फोटोवाल्याले कोन पोरगी देते? डाग अर्धा कमी झाला. खरंच झाला. पन उरलेला जाईन का नाई, मले नाई माहीत, कांता."

पहिल्यांदा त्यानं मला नावानं हाक मारली होती, आणि तीही अशी — रडवेल्या आवाजात. मी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले.

"लपवलंस एकदा. पाठ केलंस दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मी ऐकून घेणार नाही. आंब्याखाली विचारलं होतं, पेशंट नाही तर काय व्हायचं होतं? ते आधी सांग."

"तुमचा नवरा," तो म्हणाला. इतक्या पटकन, की आम्ही दोघंही दचकलो.

"मग उद्या बाबांना डोळ्याचं खरं सांगायचं. आहे तेवढं."

"आन् ते नाई म्हनले तं?"

"तर मी हो म्हणीन. लग्न माझं आहे. डोळा भरला तरी तूच, नाही भरला तरी तूच. आता तक्ता गुंडाळून ठेव आणि घरी जा."

त्यानं तक्ता गुंडाळला. उलटा. मी तो तसाच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी बाबा गुणाबाईंच्या ओसरीवर खाटेवर बसले होते. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, चेहरा कडक. अजून पाणीही घेतलं नव्हतं, तोच फाटकातून श्रावण आत आला. इस्तरीचा शर्ट, पिवळी बोटं घासून घासून लाल केलेली.

"जयभीम, बाबा. मी श्रावण उंदीरवाडे. माया उजव्या डोळ्यात डाग हाये. अर्धा गेला, अर्धा हाये. पुढचं डॉक्टरलेबी माहीत नाई. माया दुकानात दोन कॅमेरे हायेत आन् डावा डोळा चांगला हाये. मले कांतासंग लगन कराचं हाये."

एका दमात. मध्ये श्वासही नाही.

बाबांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. आतून गुणाबाईंच्या बांगड्यांचा आवाज येईनासा झाला.

"चप्पल त काढशीन का आधी?" बाबा म्हणाले.

श्रावणनं गडबडून चप्पल काढली. एक पायरीवर राहिली, एक तुळशीपाशी गेली.

"कांते, तुयं का म्हननं हाये?"

"माझं ठरलंय, बाबा," मी दारातून म्हटलं.

"मंग मले एवढ्या उन्हात वरोऱ्याहून काऊन आनलं?"

"तुम्ही हो म्हणायला."

बाबांच्या मिशा जराशा हलल्या. ते खाटेवर सरकले, बाजूची जागा हातानं थोपटली.

"बस रे, उंदीरवाडे. सारं एका दमात सांगून टाकलं, आता दिवसभर बोलाले का उरलं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, चहा टाक. तीन कप."

"चार टाक व," आतून गुणाबाई म्हणाल्या.